क्लॅम्प मीटर घ्यावा की प्लगचा वॉटमीटर?

घरातली कुठली वस्तू किती वीज ओढते हे काढायचं, तर व्होल्ट गुणिले अँपिअर हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते अँपिअर मोजायचे कशाने, तिथे. माझ्याकडे आधी क्लॅम्प मीटर आला, म्हणजे तारेभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा, दोनेक वर्षांनी सॉकेटात खोचायचा वॉटमीटर.

क्लॅम्पने मला पहिल्याच पावसाळ्यात खर्चातून वाचवलं. आमचं घर फोंड्याकडे, लाईनच्या पार टोकाला. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. गीझर नीट तापेना. दुरुस्तीवाला म्हणाला, एलिमेंट गेलं, बदला. मी मोजलं: २०५ व्होल्ट, ७.७ अँपिअर. भागाकार, म्हणजे एलिमेंटचा रेझिस्टन्स, २६.६ ओहम. आता २००० वॉटच्या गीझरला किती हवा? २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५. एलिमेंट धडधाकट होतं. गुणाकार मात्र जेमतेम १५७८ वॉट. व्होल्टेज अकरा टक्के पडलं की पॉवर एकवीस टक्के पडते, वर्गाचा हिशेब आहे. एलिमेंट बदललं नाही. अंघोळी सकाळी उरकायला लागलो.

तरीही क्लॅम्प हाताळताना एका गोष्टीने मी कंटाळलो. त्याच्या जबड्यात एकच तार यावी लागते. फ्रिजची अख्खी केबल धरली तर मीटर शून्य दाखवतो, कारण फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना खोडून काढतात. मग बोर्डाचं झाकण उघडा. आषाढात भिंतीला ओल, बोर्डात उघडी टोकं, मी स्टुलावर आणि आई खाली टॉर्च धरून "पुरे रे आता" म्हणतेय. शेवटी एका एक्स्टेन्शनचं वरचं आवरण सोलून फेजची तार बाहेर ओढून ठेवली. काम झालं, पण घरात लहान मूल असताना तसली वायर कोपऱ्यात पडलेली मला बघवेना. वॉटमीटर आला तो यापायी. खोचला, फ्रिज लावला, झालं.

आणि फ्रिजनेच दुसरी गोष्ट दाखवली. क्लॅम्पच्या हिशेबाने २२८ गुणिले १.१, म्हणजे २५१. वॉटमीटरवर १६०. या दोहोंचा भागाकार, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.६४. मोटरवाल्या वस्तूंना नुसता गुणाकार लागू पडत नाही. त्यातून येतात ते व्होल्ट-अँपिअर, आणि घरगुती बिल येतं वॉटच्या हिशेबाने. तिथे व्होल्ट भागिले अँपिअर केलं तरी मोटरच्या वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या तारेचा, रेझिस्टन्स मिळत नाही. तो वीज बंद करून, वायर सोडवून मल्टिमीटरनेच बघायचा. गीझर, इस्त्री यांना मात्र दोन्ही मीटर जवळपास सारखंच उत्तर देतात.

तुमच्या घरची गरज वेगळी असू शकते. कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, पाणी देणारा पंप असेल, तर त्याची वायर थेट स्टार्टरमध्ये जाते, वॉटमीटर खोचणार कुठे? तिथे क्लॅम्पच लागतो. माझाही पंपाच्या खोपीत खुंटीला टांगलेला आहे. पण फक्त घरापुरतं बघायचं असेल, तर मी आधी वॉटमीटर घेईन, तोही १६ अँपिअरचा. ६ अँपिअरवाल्यावर गीझर लावता येत नाही.