आर३०७ बोटठसा मॉड्यूल: कुठे बसवावं, कुठे टाळावं

पुण्यातल्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बोटांच्या ठशांचा सेन्सर मागितला, की दुकानदार बहुतेक वेळा आर३०७ समोर ठेवतो. किंमत हजार-दीड हजाराच्या घरात. हजेरीची यंत्रं, लॅबमधली कपाटं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट अशा सगळ्या ठिकाणी हाच दिसतो. आमचं मत आधीच सांगतो: या किमतीत याची आकडेमोड उत्तम आहे. प्रतिमा घेणं, त्यातून ठशाच्या खुणा काढणं, साठवणं, शोधणं हे सगळं आतला प्रोसेसर स्वतः करतो आणि नीट करतो. बिघडतं ते दोन टोकांना. एक, कातडी काचेला टेकते तिथे. दोन, आपला कोड त्याला प्रश्न विचारतो तिथे.

आधी कागदावरचे आकडे. विद्युतदाब ४.२ ते ६ व्होल्ट, चालू असताना प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअर. प्रतिमा २५६ × २८८ बिंदूंची, ५०० डीपीआय (इंचाला ५०० बिंदू). एका बोटाचं टेम्प्लेट (ठशाच्या खुणांची साठवलेली नोंद) ५१२ बाइटचं, क्षमता १००० टेम्प्लेटची. संवाद यूएआरटीवर (एकेक बिट ओळीने पाठवणारी तारांची जोडणी), मुळातला वेग ५७,६०० बॉड (सेकंदाला तितके बिट). चुकीच्या माणसाला स्वीकारण्याचं प्रमाण ०.००१ टक्क्यापेक्षा कमी आणि खऱ्या माणसाला नाकारण्याचं १ टक्क्यापेक्षा कमी, असं उत्पादक सांगतो. हा दुसरा आकडा स्वच्छ, निरोगी, ना कोरड्या ना ओल्या बोटांसाठी वाचायचा. प्रत्यक्षात तो कुठे जातो हे समजायला काचेच्या आत काय चालतं ते पाहावं लागतं.

मॉड्यूलमध्ये एक छोटा प्रिझम आहे. आतून येणारा प्रकाश काचेच्या पृष्ठभागावर तिरका आपटतो. बाहेर हवा असेल तर तो पूर्ण आंतरिक परावर्तनाने कॅमेऱ्याकडे परततो. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर हवेसाठी क्रांतिक कोन (ज्याच्या पुढे प्रकाश पूर्ण परततो तो) सुमारे ४१.८ अंश येतो. ठशाचे उंचवटे जिथे काचेला खरोखर चिकटतात तिथे परावर्तन मोडतं आणि रेषा काळी दिसते. मधल्या चरांत हवा असते, ती जागा उजळ राहते. आता या चरांत पाणी भरा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे क्रांतिक कोन थेट ६२.५ अंशांवर जातो. जो प्रकाश हवेवरून परत येत होता तो आता पाण्यात निघून जातो आणि उंचवटा-चर हा भेदच पुसला जातो. ओल्या बोटाचा ठसा काळा डाग दिसतो तो यामुळे. अशा वेळी मॉड्यूल बहुधा हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ०६ हा त्रुटीसंकेत देतं: प्रतिमा फार गिचमिड आहे.

कोरड्या बोटाचं दुखणं उलटं आणि जास्त चिवट. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, केराटिनचा. कोरडा असताना तो ताठ असतो आणि खडबडीत उंचवट्याची फक्त टोकं काचेला लागतात. रेषा तुटक येतात, खुणा पुरेशा सापडत नाहीत, आणि त्रुटीसंकेत येतो हेक्स ०७. पण बोट काचेवर थोडा वेळ तसंच ठेवलं तर घर्मरंध्रांतून येणारा ओलावा काचेत मुरू शकत नाही, म्हणून तो केराटिनमध्ये शोषला जातो, थर मऊ पडतो आणि खरं स्पर्शक्षेत्र हळूहळू वाढत जातं. या प्रक्रियेला काही सेकंद लागतात. मॉड्यूल मात्र ०.३ सेकंदाच्या आत प्रतिमा घेऊन मोकळं होतं. म्हणून कोरड्या बोटाला पहिल्या प्रयत्नात नाकारून लगेच ‘पुन्हा ठेवा’ म्हणणारा कोड चुकीचा आहे. ०७ आला तर बोट उचलायला न सांगता एकेक सेकंदाच्या अंतराने आणखी तीन-चार वेळा प्रतिमा घ्या. एवढ्या एका बदलाने विदर्भ-मराठवाड्यातल्या हिवाळ्यातली निम्मी कटकट कमी होते. बोटावर एकदा फुंकर मारणं हाही याच कारणाने खरा उपाय आहे. जोरात दाबणं मात्र नव्हे: जोराने स्पर्श वाढतो, पण मऊ कातडी ताणली जाऊन खुणांमधली अंतरं बदलतात आणि नोंदीशी जुळणी बिघडते.

गवंडीकाम, ऊसतोड, भांडी घासणं अशा कामांत उंचवटेच झिजतात. तिथे तर्जनीचा हट्ट सोडावा आणि अनामिका वापरून पाहावी. प्रत्येक माणसाची निदान दोन बोटं, दोन वेगळ्या हातांची, नोंदवा. हात सतत पाण्यात असणाऱ्यांसाठी एकाच बोटाच्या दोन नोंदी ठेवा, एक कोरड्या अवस्थेतली आणि एक हात धुऊन पुसल्यानंतरची. जागा हजार आहेत, कंजुषी करण्याचं कारण नाही.

जोडणीत सर्वांत जास्त मॉड्यूल तारांच्या रंगावर विश्वास ठेवल्याने जातात. रंग दर पुरवठादाराकडे वेगळे असतात. सर्किटबोर्डवरचा पिन क्रमांक पाहा: ५ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स (पाठवण्याची), आरएक्स (घेण्याची), मग स्पर्शाचा संकेत आणि स्पर्शभागाचा ३.३ व्होल्ट पुरवठा. पुरवठा ५ व्होल्टचा असला तरी टीएक्स-आरएक्सची पातळी ३.३ व्होल्टची आहे. आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डची ५ व्होल्टची टीएक्स सरळ जोडू नका. १ किलोओहम ओळीत आणि २ किलोओहम ग्राउंडकडे असा विद्युतदाब-विभाजक लावला की ३.३ व्होल्ट मिळतात. ईएसपी३२ (३.३ व्होल्टचा कंट्रोलर) असेल तर विभाजक नको, त्याच्या जीपीआयओ १६ आणि १७ या पिना थेट चालतात. मात्र ईएसपी३२ च्या रोव्हर प्रकारच्या मॉड्यूलवर या दोन पिना पीएसरॅमकडे (जादा मेमरीकडे) गेलेल्या असतात, तिथे दुसऱ्या निवडा. वीज दिल्यावर साधारण अर्धा सेकंद आर३०७ आज्ञा ऐकत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच ‘सेन्सर सापडला नाही’ असा संदेश आला तर आधी थोडा विलंब टाकून पाहा.

१२ व्होल्टचं सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणारं) कुलूप त्याच पुरवठ्यावर असेल तर कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच. तो नसेल तर कुलूप सुटताक्षणी कंट्रोलर रीसेट होतो आणि दोष सेन्सरवर येतो.

आता दुसरं टोक, शोधाचा वेग. इथे आर३०७ खरोखर आवडतं. शोधाची आज्ञा १७ बाइटची, उत्तर १६ बाइटचं, आणि त्यात जागेचा क्रमांक व जुळणीचे गुण दोन्ही असतात. हजार नोंदींतला शोध सेकंदाच्या आत. याउलट पूर्ण प्रतिमा बाहेर काढायची तर प्रत्येक बिंदूचे वरचे ४ बिट धरून ३६,८६४ बाइट होतात. ५७,६०० बॉडला सेकंदाला ५,७६० बाइट जातात, म्हणजे ६.४ सेकंद, आणि पॅकेटचा भार धरून सुमारे ७. उनोची मेमरी २,०४८ बाइटची, तिला ही प्रतिमा पेलणारच नाही. प्रतिमा सर्व्हरवर पाठवून तिथे जुळवण्याचे बेत इथेच संपतात. एक टेम्प्लेट मात्र दशांश सेकंदात बाहेर येतं, त्यामुळे हजार नोंदींची प्रत काढायला दीड मिनिटाच्या थोडं वर लागतं. तेवढं करून ठेवावं, कारण मॉड्यूल बिघडलं तर सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं करावं लागतं.

बहुतेकजण अ‍ॅडाफ्रूटची आर्डुइनोसाठीची लायब्ररी (तयार कोड) वापरतात. चांगली आहे, पण हजार क्षमतेच्या मॉड्यूलवर तिचे तीन सापळे माहीत हवेत. तिचं जलद शोधाचं फंक्शन पहिल्या १६३ जागाच तपासतं. ही संख्या कोडमध्ये पक्की लिहिलेली आहे. म्हणजे २०० क्रमांकावर नोंदवलेला माणूस कितीही वेळा बोट ठेवो, उत्तर ‘सापडलं नाही’ असंच येणार. साधं शोध फंक्शन क्षमतेइतकं शोधतं, पण मॉड्यूलकडून पॅरामीटर वाचून घेण्याची आज्ञा आधी दिली नसेल तर ती क्षमता ६४ धरली जाते. तिसरा सापळा नोंदणीच्या उदाहरणात आहे: तिथे क्रमांक ८ बिटचा आहे, २५५ च्या पुढे तो पुन्हा शून्यापासून मोजतो आणि जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते. तो १६ बिटचा करून घ्या. पॅरामीटर वाचण्याचा आणखी एक फायदा: डबीवर आर३०७ लिहिलेलं असूनही आतली क्षमता कमी निघणारे नग बाजारात आहेत. परत करण्याची मुदत संपण्याआधी ते कळलेलं बरं.

बॉड रेट बदलला तर तो वीज गेल्यावरही कायम राहतो. विसरलात तर मॉड्यूल मेल्यासारखं वाटतं. ९,६०० च्या १ ते १२ पटींत एकेक वेग लावून पाहिला की ते बोलू लागतं.

सुरक्षेबद्दल आम्ही ठाम आहोत. उत्पादकाचा ०.००१ टक्का हा एका तुलनेचा आकडा आहे, लाखात एक. हजार नोंदींशी तुलना होते तेव्हा परक्या माणसाच्या एका प्रयत्नात कुठेतरी चुकून जुळण्याची शक्यता जवळजवळ १ टक्का होते. पन्नास नोंदी असतील तर ०.०५ टक्का. मोठ्या कार्यालयात आधी कर्मचारी क्रमांक टाकायला लावा, त्या एका टेम्प्लेटला मॉड्यूलच्या दुसऱ्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आणा आणि फक्त त्याच्याशी जुळवा. शोधही वाचतो, धोकाही.

दुसरं म्हणजे, यूएआरटीवरचा संवाद उघडा आहे. ज्याने दाराबाहेरून मॉड्यूल उचकटलं तो त्याच तारांना दुसरा कंट्रोलर लावून ‘जुळलं’ असं १६ बाइटचं उत्तर पाठवू शकतो. चार बाइटचा पासवर्ड आहे, पण तोही उघडाच जातो. आणि खोट्या बोटाचं काय? जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो यांच्या गटाने २००२ मध्ये जिलेटिनच्या बोटांनी ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारे) आणि कपॅसिटिव्ह (विद्युतधारितेवर चालणारे) दोन्ही प्रकारचे सेन्सर फसवून दाखवले. जिलेटिनचं जेल मऊ आणि ओलसर असतं, काचेला कातडीसारखंच टेकतं. ठशाच्या आकाराखेरीज काही न तपासणाऱ्या सेन्सरला फरक कळायचा मार्ग नाही. त्यामुळे कपाट, हजेरी, लॅबचं आतलं दार यांसाठी आर३०७ जरूर घ्या. घराचा मुख्य दरवाजा किंवा तिजोरी यांसाठी नको.

पर्याय म्हणून आर५०३ विचारला जातो. गोल, कपॅसिटिव्ह, भोवती रंगीत दिव्याचं कडं, दिसायला देखणा. उन्हात आर३०७ च्या प्रतिमा फिक्या पडतात आणि वर झाकण लावावं लागतं. ती अडचण आर५०३ ला नाही. प्रतिमा १९२ × १९२ बिंदूंची, क्षमता २०० बोटांची. मात्र हा ३.३ व्होल्टवर चालतो. आर३०७ काढून तिथेच ५ व्होल्टवर आर५०३ लावला तर तो गमावण्याची तयारी ठेवा. बॅटरीवरच्या कुलपासाठी आमची पसंती आर५०३ ला, कारण बोट लागेपर्यंत तो अगदी नगण्य प्रवाहावर झोपून राहतो.

हजेरीत ‘आत’ की ‘बाहेर’ हे हाताच्या हालचालीने निवडायचं असेल तर एपीडीएस-९९६० हा सेन्सर सोबत चांगला बसतो. हात डावीकडून उजवीकडे गेला की आत, उलट गेला की बाहेर. त्याच्या मेमरीतल्या रांगेत चार-चार बाइटचे ३२ संच मावतात, आणि ते वेळेत वाचले नाहीत तर ती भरून वाहते आणि दिशा चुकते. नेमकं हेच घडतं जेव्हा कोड आर३०७ च्या शोधाच्या उत्तराची वाट पाहत अडून बसलेला असतो. क्रम ठरवून टाका: आधी हालचाल वाचा, मग तो सेन्सर थांबवा, मग बोट मागा.

शेवटी, दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न: यावर आधारची पडताळणी होते का? नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधारचं वाटप सुरू झालं. रेशन दुकानात आज जे ठसायंत्र दिसतं ते आधार प्राधिकरणाने मान्य केलेलं नोंदणीकृत उपकरण असतं. ते ठसा आतच कूटबद्ध करून पाठवतं. आर३०७ मध्ये ती सोयच नाही. तसं सांगून कोणी हे मॉड्यूल विकत असेल तर घेऊ नका.