बगदादचं कुराण की कैरोचं?

सोनेरी सजावटीच्या मध्ययुगीन कुराणांपैकी एकच डोळे भरून पाहायचं असेल, तर माझ्यासमोर दोन नावं येतात. पहिलं सुलेखनकार इब्न अल-बव्वाबचं, बगदादमध्ये हिजरी 391 साली (इ.स. 1000-01) लिहिलेलं, आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात असलेलं. दुसरं अमीर (सरदार) बैबर्सनं करवून घेतलेलं, कैरोत 1304 ते 1306 दरम्यान झालेलं, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं.

बैबर्सचं कुराण सात खंडांचं आहे, आठवड्याच्या सात दिवसांसाठी. पानावर फक्त सहा ओळी, अक्षरं सोन्याची, त्यांना काळी किनार. लिपी थुलुथ, म्हणजे मोठ्या वळणदार अक्षरांची अरबी लेखनशैली, जी पूर्ण कुराणासाठी क्वचितच वापरली जाई. लेखन इब्न अल-वहीदचं, तर सजावट अबू बक्र ऊर्फ संदल आणि त्याच्या सहकाऱ्यांची. पुढे सुलतान झालेल्या या अमिराचा पैसा पानापानावर दिसतो, आणि तो सत्कारणी लागलाय हेही मान्य करायला हवं.

बगदादची प्रत एकाच खंडात, हातात मावेल एवढी. कागदावर तपकिरी शाई, पानाला पंधरा ओळी, बारीक नस्ख लिपी, म्हणजे ग्रंथलेखनाची गोलसर अरबी लेखनशैली. सोनं आहे, पण मुख्यतः सुरांच्या (अध्यायांच्या) शीर्षकांत, समासातल्या पदकासारख्या गोल नक्षीत आणि सुरुवातीच्या-शेवटच्या नक्षीपानांवर. लेखन आणि सजावट दोन्ही इब्न अल-बव्वाबचीच मानली जाते. म्हणूनच अक्षराची वळणं आणि नक्षीच्या वेलींची वळणं एकमेकांशी इतकी जुळतात. शिवाय हे कुराण वाचायला सोपं आहे. ओळ कुठेही गर्दी करत नाही.

वैभव पाहायचं तर लंडन. माझी निवड मात्र डब्लिनची.