मेह्यूचं प्रवचन प्रिंट करून घेतलं, तालुक्याचं झेरॉक्स दुकान

वर्धेकडच्या आमच्या खेड्यात असं पुस्तक कुठं भेटते, म्हणून जोनाथन मेह्यूच्या १७५० च्या प्रवचनाची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. हा बोस्टनच्या वेस्ट चर्चचा पाद्री. राजा जुलमी असन तं त्याचं ऐकणं हा धर्म नाही, हे यानं भर चर्चमधी सांगितलं, तेही अमेरिका स्वतंत्र व्हायच्या २६ वर्ष आधी! ऑगस्ट १७६५ मधी स्टॅम्प टॅक्सचा (इंग्रजायनं कागदपत्रायवर लावलेला कर) वाद पेटला होता तेव्हा स्वातंत्र्यावर बोलला, दुसऱ्याच दिवशी जमावानं तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नर हचिन्सनचं घर फोडलं आन् लोकं म्हणे यानंच भडकवलं, त्याला लय वाईट वाटलं, हिंसा त्याला नकोच होती. १७६६ ला गेला, फक्त ४५ वर्षाचा. वाचताना मले आपले तुकडोजी महाराज आठवले, खंजेरी वाजवता वाजवता इंग्रजायविरुद्ध बोलले आन् ४२ मधी जेलात गेले.

दुकानाचं सांगतो. जुनी छपाई, इंग्रजी 's' हा 'f'सारखा दिसते, अक्षरं पुसट, तरी दादानं स्वतःहून डार्क करून काढलं, स्पायरल मस्त. दोन पानं उलटी लागली होती, लगेच बदलून देली. लाइट जाते, सकाळीच जा.