एनॉक्सापॅरिनची तयार सिरिंज: अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आणि सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी

बाळंतिणीला रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुरू झालं की घरात पहिली काळजी दुधाची. खरं तर तोच भाग सर्वांत सोपा. एनॉक्सापॅरिनचा रेणू मोठा, सरासरी ४५०० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप). तो दुधात जवळपास उतरत नाही आणि अंशभर उतरलाच तरी बाळाच्या आतड्यातून शोषला जात नाही. हेपरिनच्या जातीची औषधं, आणि हे त्यातलंच, तोंडावाटे लागूच पडत नाहीत. त्यामुळे टोचल्यावर थांबून पाजायचं, दूध पिळून टाकायचं, यातलं काहीच लागत नाही. इथे पैकीच्या पैकी गुण.

गुण कापले जातात ते हाताळणीत. ४० मिग्रॅची सिरिंज ०.४ मिलीची, सुई जोडूनच येते. आत हवेचा बुडबुडा दिसतो. पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो काढू नका. काढायला गेलं की औषधाचे थेंबच बाहेर पडतात. २० आणि ४० च्या सिरिंजवर मापाच्या रेघा नसतात, ६० च्या सिरिंजवर असतात. म्हणजे चिठ्ठीत ३० लिहिलं असेल तर ४० ची अंदाजाने अर्धी-पाऊण टोचणं चूक. ६० चीच मागा. डोस वजनावर ठरतो: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ५० ते ९० किलोला सहसा रोज ४० मिग्रॅ, झालेल्या गुठळीवर किलोमागे १ मिग्रॅ दिवसातून दोनदा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हिशेब बदलतो, तो डॉक्टरांनाच करू द्या.

टोचायची जागा बेंबीपासून निदान ५ सेंमी लांब, सिझरच्या टाक्यांपासून दूर, रोज बाजू बदलून. कातडी चिमटीत धरा, सुई काटकोनात पूर्ण आत घाला, औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका. नंतर चोळायचं नाही. आपल्याकडे इथेच घोळ होतो: सकाळी इंजेक्शन, तासाभरात मालीशवाली, पाठोपाठ पोटाला घट्ट पट्टा. मग हिरवे-निळे डाग पडतात आणि दोष औषधाला जातो. मालीशवाल्या मावशींना ती जागा दाखवूनच ठेवा.

साठवणीत मात्र ही वस्तू सोलापूरसाठी बनलेली नाही. खोक्यावर साधारण २५ अंशांखाली ठेवा, गोठवू नका, असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेत बाहेर चाळिशी ओलांडलेली असते, त्यात बाळंतिणीची खोली बंद आणि शेक-शेगडी चालू. त्या खोलीतल्या कपाटात खोकं ठेवणं सर्वांत वाईट. उन्हाळ्यात महिन्याचा साठा करू नका, आठवड्यापुरत्याच सिरिंजा घ्या. बार्शी किंवा अक्कलकोटला न्यायच्या असतील तर गाडीच्या डिकीत टाकू नका आणि बर्फाला थेट चिकटवूही नका. फ्रीज चालेल का, हे त्या ब्रँडच्या कागदावर वाचा. किमतीबद्दल एवढंच: औषध राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, त्यामुळे कमाल किंमतीला सरकारी मर्यादा आहे. तरी बिल घ्याच.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं. घरात त्यावर आक्षेप असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. फोंडापॅरिनक्स हा कृत्रिम पर्याय आहे.

सुईचा कंटाळा आला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? वॉरफरिन आणि ॲसिनोकुमॅरॉल या दोन्ही पाजताना चालतात. वॉरफरिन रक्तातल्या प्रथिनांना सुमारे ९९ टक्के चिकटून राहतं, दुधात नगण्य उतरतं. पण दोघांचे मिलिग्रॅम सारखे नाहीत, म्हणून दुकानात 'हेच आहे' म्हणून दुसरी पट्टी दिली तर घेऊ नका. गोळी सुरू करताना सुई निदान ५ दिवस सोबत चालते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ च्या वर टिकेपर्यंत. तपासणीला निळ्या टोपीची नळी लागते आणि ती रेघेपर्यंत भरावीच लागते: नळीतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) एक भाग, रक्त नऊ भाग. कमी भरली तर आयएनआर खोटा वाढलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. शेपू-मेथी बंद करू नका, रोजचं प्रमाण साधारण तेच ठेवा. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्रुफेन मनाने नको.

रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान या नव्या गोळ्या दुधात उतरतात. पाजताना त्या टाळायचा सल्ला दिला जातो. सासऱ्यांच्या डब्यातली गोळी सुनेला चालत नाही.

वॉरफरिन चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला धोका असतो, आणि 'पाजतेय म्हणजे राहणार नाही' यावर विसंबता येत नाही. गुठळी झालेल्या बाईला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत. कॉपर-टी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनचा पर्याय वॉरफरिन सुरू होण्याच्या भेटीतच ठरवून घ्या. आणि तासात पॅड भिजलं, एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.