ब्लॅक पावडर: काही महिने, एक असई आणि सातचा आकडा

ब्लॅक पावडर म्हणजे छोट्या शिपायांच्या फौजा टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळायच्या नियमांचं पुस्तक. त्याची दुसरी आवृत्ती घेऊन बरेच महिने झाले. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण मुहूर्त लागला तो क्लबातल्या भांडणामुळे. भांडण कशावरून, तर दौलतराव शिंद्यांच्या सेनापतीचं स्टाफ रेटिंग, म्हणजे त्याचे हुकूम किती पाळले जातील तो आकडा, ७ धरायचं की ८. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "एवढ्यासाठी रात्री अकरापर्यंत?" तिला काय सांगणार! हा खेळ खेळलेल्यांना कळेल की अख्खी लढाई त्या एका आकड्यात असते.

मी राहतो नॉटिंगहॅमपासून गाडीने अर्ध्या तासावर. हा भाग म्हणजे या छंदाची पंढरीच. हे छोटे शिपाई बनवणाऱ्या, पुस्तकं छापणाऱ्या निम्म्या कंपन्या आसपासच आहेत. आमचा क्लब चर्चच्या हॉलमध्ये भरतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, येईल त्याने थोडी वर्गणी डब्यात टाकायची, चहा-बिस्किटं त्यातूनच. साडेदहाला किल्ली परत द्यायची, त्यामुळे लढाई कितीही रंगात आली तरी दहाला फौजा डब्यात. बहुतेक सभासद निवृत्त. नेपोलियनच्या कुठल्या रेजिमेंटच्या बाहीला कुठली पट्टी होती हे झोपेत सांगतील. मी एकटाच मराठी. म्हणून १८०३ सालची असईची लढाई, इंग्रज विरुद्ध मराठे, मांडायची ठरली तेव्हा मराठ्यांची बाजू मला न विचारताच माझ्याकडे आली.

पुस्तकाबद्दल आधी थोडक्यात. रिक प्रीस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन यांचं हे काम. पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी २०१८ ची. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगवलेल्या फौजांचे फोटो. किंमत ऐकून माझ्यातला कोथरूडकर जागा झाला, कारण यातले कामाचे नियम वेगळे काढले तर पातळशी वही होईल. बाकी सगळं "मित्रांनो, भांडू नका, मजा करा" अशा सुराचं. वाचायला झकास आहे, पण पैसे नियमांचे दिलेत की गप्पांचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला. बंदुकीच्या दारूचा काळ, मोठी टेबलं, रेघेत उभ्या पलटणी, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. थेट मुद्द्यावर येतो.

मुद्दा म्हणजे हुकूम. या खेळात पलटण हलवायची तर आधी तोंडाने स्पष्ट सांगायचं: "ही पलटण डावीकडून पुढे जाईल आणि ओढ्याच्या अलीकडे थांबेल." मग दोन फासे टाकायचे. बेरीज स्टाफ रेटिंगच्या आत आली तर पलटण हलते, आणि जितकी कमी येईल तितक्या जास्त चाली. रेटिंग ८ असेल तर ७ किंवा ८ ला एक चाल, ६ ला दोन, ५ किंवा त्याखाली तीन. बेरीज वर गेली तर पलटण जागची हलत नाही. इथपर्यंत ठीक. पण त्याच क्षणी त्या सेनापतीचं तोंड बंद होतं. त्या फेरीत त्याने दुसऱ्या कुणालाही हुकूम द्यायचा नाही. पहिलाच फासा फसला की उरलेल्या तीन पलटणी तुमच्याकडे बघत उभ्या. आणि दोन्ही फाशांवर ६ आले की ब्लंडर: पलटण भलतीकडेच चालू लागते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी चक्क मागे.

पहिले काही महिने या नियमाने माझं डोकं फिरवलं. पेशाने हिशोबाचा माणूस, म्हणून एक्सेल उघडलं. रेटिंग ८ असेल तर एक हुकूम फसायची शक्यता ३६ पैकी १०. ७ असेल तर ३६ पैकी १५. आता चार पलटणींची एक ब्रिगेड धरा. चौघींना वेगवेगळे हुकूम एका फेरीत लागू व्हायची शक्यता रेटिंग ९ ला ४८ टक्के, ८ ला २७ टक्के आणि ७ ला जेमतेम १२ टक्के. आकडा एकाने उतरला की फौज अर्धी बधिर होते. क्लबातल्या मंडळींनी तक्ता बघितला, "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाले आणि चहा ओतायला गेले.

आता असई. आमचं आजोळ सिल्लोडचं, त्यामुळे तो मुलूख मला अनोळखी नाही. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज केळणेच्या पलीकडे तोफा लावून बसलेली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याने समोरून अंगावर जायचं टाळलं. पिंपळगाव आणि वरूड ही गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. म्हणजे मधे उतार असणारच, असा अंदाज बांधून त्याने बाजूने नदी ओलांडली. त्याचा हिशोब असा की मराठ्यांची रांग दक्षिणेकडे तोंड करून उभी, तिच्या पूर्वेच्या टोकावर आपण आदळू.

पण शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन, हा हॅनोव्हरचा, त्याने शत्रू समोर येत असताना अख्खी रांग तोफांसकट काटकोनात फिरवली. दक्षिणेकडची तोंडं पूर्वेकडे झाली. एक टोक केळणेला, दुसरं असई गावाकडे. महादजींच्या काळापासून द बॉयन या त्यांच्या युरोपियन सेनापतीने घोटून घेतलेली कवायत होती ती. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. त्या लढाईत कवायतीचा सगळ्यात अवघड प्रकार कुणी केला असेल तर तो आमच्या बाजूने.

आणि क्लबातल्या काकांनी (लढाई मांडायचं काम त्यांच्याकडे होतं) पोलमनला रेटिंग दिलं ७. वेलस्लीला ९.

पहिल्या खेळात काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. माझ्या पलटणी हिरव्या चादरीवर निळ्या कागदी नदीकडे तोंड करून उभ्या. मी म्हटलं, ब्रिगेडला मिळून एकच हुकूम देतो, एकच फासा लागेल. काका म्हणाले, ब्रिगेडच्या हुकमात सगळ्यांनी एकच हालचाल करायला हवी. इथे आतली पलटण जागेवर वळणार आणि बाहेरची टेपच्या दोन लांब्या चालणार, हे एक कसं? नियमाला धरून बोलत होते, मान्य. मग पलटणीगणिक फासे. पहिली वळली. दुसरीला ९. हुकूम बंद. पुढच्या फेरीत पहिलाच फासा १०. तोवर इंग्रजांची हायलंडर (स्कॉटिश) पलटण येऊन माझ्या वळलेल्या एकुलत्या एक पलटणीच्या कुशीत शिरलेली. जे पोलमनने खऱ्या रणांगणावर धुरात आणि धुळीत करून दाखवलं, ते मला चर्चच्या हॉलमध्ये, दिव्याखाली, हातात चहा असताना करता येईना.

त्या रात्री हे पुस्तक विकून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं.

मत बदललं ते दुसऱ्या वेळी. त्या दिवशी इंग्रजांच्या उजव्या टोकाला पिकेट्सची, म्हणजे पहाऱ्याच्या शिपायांची, तुकडी चालवत होते एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी साधा हुकूम दिला, "रांगेच्या उजव्या बाजूने पुढे." फासे पडले, सहा आणि सहा. ब्लंडर. तुकडी उजवीकडे सरकत सरकत थेट असई गावाच्या तोफांसमोर. मागची ७४ वी हायलंडर पलटण तिला सोडवायला गेली आणि तीही भाजून निघाली. सगळे हसत होते, मी मात्र गप्प झालो. कारण खऱ्या असईत अक्षरशः हेच झालं. लेफ्टनंट कर्नल ऑरक पिकेट्स घेऊन नको तितका उजवीकडे गेला, ७४ वी त्याच्या मागे गेली, आणि गावाजवळच्या तोफांनी दोघांची चाळण केली. शेवटी मॅक्सवेलच्या घोडदळाला तिकडे सोडावं लागलं, आणि तो मॅक्सवेलही त्याच दिवशी पडला. वेलस्लीचे त्या दिवशी जवळजवळ १६०० लोक मेले किंवा जखमी झाले, त्यातला मोठा वाटा या एका भरकटण्याचा.

म्हणजे ज्या नियमाला मी महिनोन्महिने शिव्या घातल्या, त्यानेच ही लढाई कुणी न ठरवता जशीच्या तशी टेबलावर उतरवली. हे दुसऱ्या कुठल्याही नियमावलीत मला दिसलेलं नाही. हुकूम देणं एक आणि तो पाळला जाणं दुसरं, हे इथे मनगटाला कळतं. माझं गाऱ्हाणं आता नियमाबद्दल उरलं नाही. आकड्याबद्दल आहे. ब्लंडर झाला इंग्रजांकडे, वळण जमलं मराठ्यांना, आणि ९ कुणाला? इंग्रजांना! जिंकला म्हणून शहाणा धरायचा, हा कुठला न्याय? शिंदे-भोसले स्वतः पुढे नव्हते, सवारांचा मोठा जमाव बघत राहिला, हे मला मान्य आहे. त्यांना द्या ६. पण पोलमनच्या पलटणींना त्याच पारड्यात का टाकता?

हेच मी त्या रात्री बोललो, जरा चढ्या आवाजात. काका म्हणाले, "तुमचा माणूस हरला हो." मी म्हटलं, हरला तो तोफा गमावून, वळता न आल्यामुळे नाही. तोडगा निघाला तो बरा निघाला. पोलमनला ८, पण फक्त कवायती पलटणींसाठी. शिवाय एक खास नियम आम्ही घातला. खऱ्या लढाईत मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग करून पडले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून पाठीत तोफा डागल्या. तेव्हा इंग्रजांनी तोफखाना घेतला पण राखायला कुणी ठेवलं नाही, तर मी एक फासा टाकतो. ४ किंवा वर आले की तोफा परत माझ्या. पोस्टमास्तर आता प्रत्येक तोफेपाशी चार माणसं ठेवतात आणि त्यांची रांग विरळ होते. मला एवढंच हवं होतं.

खर्चाचं सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख माझा वाटणार नाही. २८ मिमीचे धातूचे शिपाई एकेक दोन पौंडांच्या आसपास पडतात, म्हणजे एका शिपायाला दोनशे रुपयांच्या वर. एका पलटणीत २४ शिपाई धरा आणि गुणाकार करू नका. कंपनी सरकारचे शिपाई सहज मिळतात. शिंद्यांचे हवे असतील तर शोधाशोध, म्हणून मी शिपायांचीच धडं घेऊन वर पुट्टीचे फेटे बांधले. तळाच्या जमिनीसाठी दुकानातली पुडी घेत नाही. चहाचा चोथा वाळवायचा, फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावायचा आणि वर भुरभुरायचा. कोरड्या ब्रशने पिवळट रंग फिरवला की जालना जिल्ह्याची माती हुबेहूब.

एक ठिकाणी मात्र पैसे वाया गेले आणि तो राग अजून आहे. मॅट वार्निशचा स्प्रे. नाव घेत नाही. हिवाळ्यात गॅरेजमध्ये मारला आणि सकाळी घोडदळाची अख्खी तुकडी पांढरीफटक, पीठगिरणीतून बाहेर आल्यासारखी. कित्येक रात्रींचं रंगकाम. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, डबा दोन मिनिटं हलवला होता का? हलवला होता. मग हवेत दमटपणा जास्त असेल. अहो, इंग्लंडात जानेवारीत हवा दमट नाही तर काय कोरडी असते? आणि तसं असेल तर डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. चार ईमेलनंतर हाती काय, तर दहा टक्के सवलतीचं कूपन, तेही अमुक पौंडांच्या वर खरेदी केली तर. घोडदळ वाचलं ते पोस्टमास्तरांच्या सल्ल्याने: वरून ब्रशने चकचकीत वार्निशचा हात द्या, पांढरेपणा विरतो, मग बाटलीतलं मॅट ब्रशनेच लावा. बहुतेक घोडे सावरले. दोन स्वार अजून भुतासारखे दिसतात, त्यांना मागच्या रांगेत ठेवलंय.

पुण्यातल्या एका मित्राने विचारलं, इथे खेळता येईल का? येईल. मोठं टेबल नसेल तर इंचांच्या जागी सेंटीमीटर घ्या. अंतरं टेबलाप्रमाणे कमीजास्त करा, असं पुस्तकच सांगतं. डायनिंग टेबलावर निभावतं. शिपाईही सुरुवातीला जाड कागदावर छापून कापलेले चालतील, फाशांना फरक पडत नाही. फक्त दोघंच खेळणार असाल आणि तासाभरात उरकायचं असेल तर हे घेऊ नका. त्यापेक्षा डीबीए ही छोटी नियमावली बघा. १९९० पासून चालत आलंय, एका फौजेला १२ तुकड्या पुरतात, खिशाला परवडतं. पण त्यात मराठे नाहीत, प्राचीन आणि मध्ययुगावरच थांबतं. ब्लॅक पावडरला चार-सहा माणसं, मोकळी संध्याकाळ आणि भांडण मिटवणारा एक वडीलधारा लागतो.

नवं पुस्तक पूर्ण किमतीला घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. नियमांचा गाभा दोन्ही आवृत्त्यांत तोच आहे. क्लबात एकाकडे २००९ ची प्रत पडून आहे, ती मी त्या पुणेकर मित्रासाठी मागतोय. तो बारा पौंड म्हणतो, मी दहा. पुढची लढाई अडगावची ठरली आहे, २९ नोव्हेंबर १८०३. काकांनी भोसल्यांच्या बाजूचे आकडे अजून पाठवलेले नाहीत.