चांदण्यातल्या फोटोंसाठी २४ मिमीची मॅन्युअल लेन्स

चांदण्यात ऑटोफोकस नुसता चाचपडतो, म्हणून मुद्दाम हाताने फिरवायची ही एफ/१.४ लेन्स घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि प्रकाश जास्त). पैसे वसूल! फोकस रिंग छान जड आहे, अंधारात बोट लागलं तरी जागची हलत नाही. रिंगवरची अनंताची खूण (∞, खूप लांबच्या गोष्टींसाठीची) मात्र शुद्ध थाप. तिच्यावर विसंबलात तर तारे भुरकट येतात. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य) मोठा करून एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस लावायचा आणि रिंगवर चिकटपट्टी मारायची. लेन्स १.४ वर पूर्ण उघडली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, २.८ वर ते बऱ्यापैकी आवरतात. पौर्णिमेला २.८, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ८००, शटर ८ सेकंद उघडं. डोंगराच्या घळीसुद्धा दिसतात. अष्टमीला प्रकाश जेमतेम दहावा हिस्सा, तिथे १.४ कामी येतं. हूड (लेन्सच्या तोंडावरची, आडवा प्रकाश अडवणारी कड) सैल आहे, मी काढूनच ठेवलंय.