सायफनची कॉफी : कस लागतो तो काचेपेक्षा कापडाचा

टेबलावर ठेवून वापरायचा, तीन कपांचा व्हॅक्यूम सायफन मी गेले आठ महिने घरी वापरत आहे. हे उपकरण घेणाऱ्या बहुतेकांना त्यातला देखावा हवा असतो, आणि तो पहिल्याच दिवशी मिळतो. खालच्या चंबूतले पाणी आपोआप वर चढते, वर कॉफीचा फेस खळबळतो आणि ज्योत काढली की तपकिरी, नितळ पेय पुन्हा खाली उतरते. चांगली कॉफी मात्र पहिल्या दिवशी मिळत नाही. मला ती मिळायला सुमारे तीन आठवडे लागले, आणि त्या काळात जे जे बिघडले ते खालच्या ज्योतीमुळे किंवा मधल्या गाळणीच्या जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाच्या कापडामुळे बिघडले. काचेचा त्यात फारसा दोष नव्हता.

याची रचना साधी आहे. खाली गोल चंबू, वर नळकांड्यासारखे भांडे, त्या भांड्याच्या बुडातून निघून चंबूच्या तळाजवळ पोहोचणारी काचनळी आणि दोन्ही भांडी हवाबंद जोडणारे रबरी बूच, एवढाच तिचा पसारा. नावातले दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत. पाणी वर जाते ते निर्वातामुळे नव्हे, तर दाबामुळे. चंबूत कोंडलेली हवा तापून प्रसरण पावते आणि तिच्यात पाण्याची वाफ मिसळत जाते. ९० अंश सेल्सिअसला वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ७० टक्के असतो, तर पाण्याचा वीस सेंटिमीटर उंचीचा स्तंभ उचलायला अवघा दोन टक्के जादा दाब पुरतो. त्यामुळे खळखळून उकळी फुटण्याच्या आधीच पाणी नळीतून वर चढू लागते. निर्वाताचे काम नंतर सुरू होते. ज्योत काढल्यावर चंबूतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, आतला दाब घसरतो आणि बाहेरची हवा वरची कॉफी कापडातून खाली ढकलते. हाताने कितीही पिळले तरी इतक्या सारख्या दाबाने कॉफी गाळता येत नाही, आणि मला तरी या उपकरणाचा खरा गुण हाच वाटतो.

गाळणीच्या स्प्रिंगला लोंबणारी मण्यांची साखळी मला आधी शोभेची वाटली होती. प्रत्यक्षात तिच्याकडे दोन कामे आहेत. तिच्या टोकाचा आकडा नळीच्या खालच्या कडेला अडकवला की गाळणी घट्ट बसते, आणि मण्यांवर बुडबुडे धरत असल्याने पाणी सावकाश, शहाण्यासारखे तापते; साखळी नसेल तर ते बराच वेळ शांत राहून एकदम उसळू शकते. एकदा मी आकडा अडकवायला विसरलो. गाळणी एका अंगाला कलली आणि सगळा चोथा कॉफीबरोबर खाली उतरला. तो घोट अजून आठवतो.

आता माझे प्रमाण ठरून गेले आहे : ३०० मिलिलीटर पाण्याला २० ग्रॅम कॉफी, आणि दळण मध्यम, म्हणजे फ्रेंच प्रेससाठी (पूड भिजवून चोथा दट्ट्याने खाली दाबायच्या भांड्यासाठी) दळतो त्याहून बारीक. पाणी आधीच किटलीत उकळून चंबूत ओततो, कारण गार पाण्याने सुरुवात केली तेव्हा दहा मिनिटे उलटली तरी स्पिरिटच्या दिव्याने ते हलले नव्हते. पाणी वर आले की आच कमी करून अर्धा मिनिट थांबतो, मग पूड टाकून लाकडी उलथण्याने ती हलकेच भिजवतो. एका मिनिटाने ज्योत काढतो आणि पुन्हा एकदाच, गोलाकार ढवळतो. कॉफी पाऊण मिनिटात उतरली आणि शेवटी हवा आत ओढली जाताना घरघर ऐकू आली, तर सगळे जुळून आले असे समजावे. दीड मिनिट होऊनही ती वरच अडून बसली, तर दळण फार बारीक आहे किंवा कापड चोंदले आहे. वर उरलेला चोथा मधोमध उंच, घुमटासारखा दिसत असेल तर ढवळणे नीट झाले. तो एका बाजूला साचला असेल तर त्या दिवशीच्या कॉफीकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही.

चवीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हलक्या भाजणीच्या बियांसाठी घरी याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. पूड पाण्यात भिजत असताना खालून उष्णता मिळत राहते, त्यामुळे प्रेससारख्या इतर पद्धतींत पाणी जसे हळूहळू निवत जाते तसे इथे होत नाही. म्हणून ज्या बियांतला फळासारखा आंबूसपणा आणि फुलांचा वास एरवी अर्धवट बाहेर येतो, त्या इथे मोकळेपणाने बोलतात. कापडामुळे बारीक गाळ अडतो, तरी थोडे तेल खाली येते. परिणामी कपात प्रेसचा जाडसरपणा नसतो आणि कागदी गाळणीचा कोरडेपणाही नसतो. संशय म्हणून मी एकदा प्रेसमध्ये भिजवलेली तीच कॉफी याच कापडातून गाळून पाहिली. ती बरीच जवळ आली, हे मान्य करायला हवे, पण तिची चव सपाट लागली आणि वास निम्मा वाटला. गडद भाजणीच्या बियांना मात्र हीच सततची उष्णता मारक ठरते. त्यांचा कडवटपणा वाढतो आणि नंतर जिभेवर राखेची चव रेंगाळते. आणखी एक गोष्ट म्हणजे कॉफी फार गरम उतरते. लगेच प्यायली तर केवळ चटका कळतो, चव कळायला पाच मिनिटे थांबावे लागते.

ज्योतीचे दुखणे वेगळे आहे. सोबत आलेला स्पिरिटचा दिवा म्हणजे या संचातला सर्वांत कच्चा दुवा. वात एक-दोन मिलिमीटर वर-खाली झाली तरी आच बदलते, पंख्याच्या वाऱ्याने ज्योत एका बाजूला पळते, आणि भरताना सांडलेले स्पिरिट आधी पुसून मगच काडी ओढावी लागते. दोन महिन्यांनी मी छोटा गॅस बर्नर घेतला. त्याची चावी फिरवून आच हवी तशी ठेवता येते, आणि त्या दिवसापासून माझी कॉफी रोज एकसारखी होऊ लागली. संच घेतानाच बर्नरचा खर्च धरून चालावे, असे मी सुचवेन.

कापडाची निगा हा अनेकांना नकोसा वाटणारा भाग आहे. नवे कापड आधी पाण्यात उकळून घ्यावे लागते. वापरल्यावर ते साबणाशिवाय, नुसत्या गरम पाण्याखाली चोळून धुवावे आणि पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे, व ते पाणीही बदलत राहावे. कोरडे पडू दिले तर धाग्यांत मुरलेले कॉफीचे तेल खवट होते आणि तो वास पुढच्या प्रत्येक कपात उतरतो. मी एकदा आठवडाभर घराबाहेर होतो. परतल्यावर ते कापड सरळ फेकून दिले. कागदी चकती बसवायची जोडणीही मिळते. तिने ही कटकट संपते, पण मग ज्या गुणासाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्यातला बराचसा हातातून निसटतो.

काच नाजूक आहे, पण कल्पना करतो तितकी नाही. या यंत्राच्या पहिल्या नोंदी १८३० च्या दशकातल्या जर्मनीत सापडतात. त्या काळी साध्या काचेचे चंबू आगीवर तडकणे हा मोठाच अडथळा होता. पुढे उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच आली आणि १९१५ साली पायरेक्सच्या रूपाने ती घराघरांत पोहोचू लागली, तेव्हा कुठे सायफन रोजच्या वापराच्या जवळ आला. तरीही माझा एक चंबू तडकलाच, आणि चूक माझी होती : बाहेरून ओला असताना तो मी थेट ज्योतीवर ठेवला. आता आधी कोरड्या फडक्याने पुसतो. पाणी वर गेल्यावर चंबूत जे थोडे पाणी उरते, ते आटेपर्यंत आच चालू ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे.

त्या उरलेल्या पाण्याची आणखी एक अडचण आहे. नळी तळाला टेकत नसल्याने तेवढे पाणी कॉफीच्या पुडीला भेटतच नाही, आणि शेवटी तयार कॉफीत मिसळते. तीन कप करताना ते जाणवत नाही, पण एकट्यासाठी एकच कप केला की तेच पाणी कॉफी पातळ करून टाकते. म्हणून दुसरे कोणी प्यायला नसेल, तर मी सायफन कपाटातून काढतच नाही.